सेरेब्रल पाल्सी आणि बौद्धिक अक्षमता असलेली लेक एका बाजूला कलून बसते. ही सवय की पाठीचा आजार?

ताई, तुमची लेक 11 वर्षांची, चालत नाही, हल्ली उजवीकडे कलते आणि घरचे म्हणतात सवय आहे. माझ्या धाकट्या भावाचंही असंच सुरू झालं. सवय म्हणून सोडू नका, पाठ तपासून घ्या.

सेरेब्रल पाल्सीत मेंदूचा स्नायूंवर नीट ताबा नसतो. स्नायूंचा जोर दोन्हीकडे सारखा नसला की मणका बाजूला वळतो आणि त्याला पीळही बसतो. याला स्कोलिओसिस म्हणतात. न चालणाऱ्या मुलांत तो जास्त दिसतो आणि वाढीच्या वयात भराभर वाढू शकतो.

अंघोळीच्या वेळी उघडी पाठ बघा. एक खांदा वर, एका बाजूच्या फासळ्या फुगलेल्या, एकाच कुल्ल्यावर लाली, असं काही दिसतं का? दुखतंय हे ती कदाचित सांगणार नाही. माझा भाऊ जेवताना ताट सारायचा, सगळे त्याला हट्टी म्हणायचे. त्याला बसवतच नव्हतं हो!

एक्स-रे शक्यतो बसवून काढायला सांगा, झोपवून काढला तर बाक कमी दिसतो. बाकाचा कोन 10 अंश किंवा जास्त असेल तर स्कोलिओसिस धरतात, 50 च्या आसपास शस्त्रक्रियेचा विचार होतो. खुब्याचे सांधेही त्याच वेळी तपासून घ्या. मुंबईत परळच्या वाडिया रुग्णालयात मुलांचे अस्थिरोगतज्ज्ञ भेटतील. हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, तिथे ब्रेसचं, म्हणजे धडाला आधार देणाऱ्या कडक पट्ट्याचं, विचारा. ब्रेसने असा बाक थांबेलच असं नाही, पण बसणं सुधारतं, हात मोकळे होतात. आपल्या दमट हवेत आत सुती बनियन हवा, एकही चुणी न पडता, आणि ब्रेस काढल्यावर कातडी बघायची.

‘अशा मुलाला एवढं कशाला?’ असं एका डॉक्टरांनी आम्हाला ऐकवलं होतं. अजून राग येतो. शस्त्रक्रिया मोठी असते, जंतुसंसर्गाचे आणि श्वासाचे धोके खरे असतात. फुप्फुसं किंवा वजन बघून कुणी नको म्हणालं तर समजू शकतं. बुद्धी कमी म्हणून नको म्हणाले तर सरळ दुसऱ्या डॉक्टरांकडे जा.

राष्ट्रीय न्यास ही अपंगांसाठीची केंद्र सरकारची संस्था, तिच्या निरामय आरोग्य विम्यात 1 लाखापर्यंत संरक्षण आहे, त्यात प्रत्येक उपचाराची मर्यादा वेगळी असते, ती आधी वाचा. आणि तपासणीला जाताना लेक रोजच्या खुर्चीत बसलेली असतानाचे पुढून-मागून काढलेले फोटो न्या.