आडनावामागची शिदोरी

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

उन्हाळ्यातल्या सहायकाच्या जागेवर तुला डावलून एका प्रशिक्षकाच्या मुलाला घेतलं, हे वाचून वाईट वाटलं. तुझा राग रास्त आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये निवड निव्वळ गुणांवर होते, असं सांगून मी तुझी समजूत काढणार नाही.

नामवंत प्रशिक्षक काइल शॅनहनचंच बघ. वडील माइक यांनी प्रशिक्षक म्हणून डेन्व्हरच्या संघाला 2 सुपर बोल, म्हणजे एनएफएल या व्यावसायिक लीगचे अंतिम सामने, जिंकून दिलेले. एनएफएलमधली सुरुवात काइलने टँपा बेमध्ये केली खरी, पण नंतर ह्यूस्टनला गेला तो गॅरी क्युबियाककडे, म्हणजे वडिलांच्याच जुन्या सहायकाकडे. 2010 मध्ये वॉशिंग्टनला वडील मुख्य प्रशिक्षक झाले आणि आक्रमणाची सूत्रं मुलाकडे आली. त्याच चमूत पुढे नावाजलेला प्रशिक्षक शॉन मॅकव्हेही होता. त्याचे आजोबा जॉन मॅकव्हे सॅन फ्रान्सिस्कोच्या फोर्टी नाइनर्स संघाच्या 5 विजेतेपदांच्या काळात व्यवस्थापनात होते. ओळखी उपयोगी पडतात, हे मान्य करून टाक.

तुझ्या जागी घेतलेल्या त्या मुलाचा दुस्वास मात्र करू नकोस. 1978 मध्ये हेच जॉन मॅकव्हे न्यूयॉर्क जायंट्स संघाचे प्रशिक्षक होते. ईगल्स संघाविरुद्धचा जिंकल्यात जमा असलेला सामना शेवटच्या काही सेकंदांत हातातून चेंडू निसटल्याने गेला आणि हंगाम संपताच त्यांची नोकरीही गेली. अशा घरांतली मुलं हेही बघत मोठी होतात.

मला खरा हेवा वाटतो तो नामवंत प्रशिक्षक बिल बेलिचिकला मिळालेल्या वारशाचा. त्याचे वडील स्टीव्ह ॲनापोलिसच्या नौदल अकादमीत प्रतिस्पर्धी संघांचा अभ्यास करायचे, तब्बल 33 वर्षं. बिल लहानपणापासून त्यांच्याशेजारी बसून फिल्म बघायचा. 1975 मध्ये बॉल्टिमोर कोल्ट्स या संघाकडे आठवड्याला 25 डॉलरवर लागला, तेव्हा ते काम त्याच्या अंगवळणी पडलेलं होतं. हा वारसा तुला मिळवता येईल. त्याला आडनाव लागत नाही, बैठक लागते.

तर एक सामना घे. टीव्हीवरच्या चित्रणात मागचे बचावपटू दिसत नाहीत, म्हणून बावीसही खेळाडू दिसतील असं चित्रण तुझ्या कॉलेजच्या संघाकडून माग. प्रत्येक खेळीला एक ओळ: कितवा डाउन (10 यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या 4 प्रयत्नांपैकी कितवा), किती यार्ड हवेत, चेंडू कुठल्या हॅशवर (मैदानावरच्या खुणांच्या दोन रांगांपैकी कुठल्या), रचना कोणती, स्नॅपआधी (चेंडू मागे देऊन खेळी सुरू होण्याआधी) कोण हललं, बचाव कोणता. पहिल्या सामन्याला दोन-तीन रात्री जातील, जाऊ देत. मग तिसऱ्या डाउनच्या ओळी वेगळ्या काढ. 7 यार्डांहून जास्त हवे असताना तो संघ काय करतो, हे तुला त्यांच्या चाहत्यांपेक्षा नेमकं कळेल.

रूनी नियमाबद्दल विचारलं होतंस. 2003 पासून एनएफएलच्या संघांना मुख्य प्रशिक्षकाच्या जागेसाठी अल्पसंख्याक उमेदवाराची मुलाखत घ्यावीच लागते. ज्या डॅन रूनींचं नाव त्याला दिलं, त्यांनाही पिट्सबर्गचा संघ वडिलांकडूनच मिळाला होता. चांगला नियम आहे, पण तो वरच्या पदांसाठी. तुझ्या पायरीवर तो पोचत नाही.

तिथे माइक मॅकडॅनियलचा मार्ग बघ. पोरवयात डेन्व्हरच्या शिबिरात चेंडू उचलून द्यायचा, 2005 मध्ये त्याच संघात प्रशिक्षणार्थी झाला, 2022 मध्ये मायामीचा मुख्य प्रशिक्षक झाला. तू आधी मैदानाच्या आसपास राहायला लाग, बिनपगारी का होईना. ज्यांनी तुला डावललं त्या प्रशिक्षकांनाही पुन्हा लिही, पण तक्रार नको. सोबत तिसऱ्या डाउनचा तक्ता जोड. त्याआधी मला दाखव, शनिवारी फोनवर ओळ न् ओळ बघू.

तुझा,
काका