जळालेल्या टँटलम कपॅसिटरच्या जागी साधा अ‍ॅल्युमिनियम इलेक्ट्रोलायटिक चालेल का?

तुमच्या बोर्डवरचा पिवळा टँटलम सप्लाय लाइनवर फिल्टरचं काम करत असेल तर चालेल. मायक्रोफॅरड तेवढेच किंवा थोडे जास्त, ईएसआर (आतला रोध) कमी असलेला, जागेत मावणारा घ्या. फक्त पट्टी बघून बसवा. इलेक्ट्रोलायटिकच्या अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यावर पट्टी मायनसची असते, टँटलमवर प्लसची. कपॅसिटर उलटे बसतात ते बहुतेक इथेच.

टँटलम का पेटला, हे त्याच्या घडणीत आहे. टँटलमची बारीक पूड तारेभोवती दाबून निर्वात भट्टीत भाजतात, की आतून स्पंजासारखी सच्छिद्र गोळी होते. ती आम्लात बुडवून विद्युतदाब दिला की पृष्ठभागावर टँटलम पेंटॉक्साइडचा थर चढतो, दर व्होल्टला जेमतेम २ नॅनोमीटर. अफाट पृष्ठभाग आणि इतका पातळ थर, म्हणून काही मिलिमीटरांत शेकडो मायक्रोफॅरड बसतात. थराच्या एका बाजूला टँटलम, दुसऱ्या बाजूचा वाहक मँगनीज डायऑक्साइडचा. द्रव नाही, त्यामुळे वाळून मरत नाही.

हे मँगनीज डायऑक्साइड दुटप्पी आहे. थरात बारीक दोष असला की तिथून करंट गळतो, तो बिंदू तापतो, तिथलं डायऑक्साइड ऑक्सिजन सोडून कमी वाहक होतं आणि गळती थांबते. पण मागे भरपूर करंट देणारी बॅटरी किंवा एसएमपीएस (स्विचिंग पॉवर सप्लाय) असेल तर थांबायला वेळच मिळत नाही. तापलेला टँटलम त्याच ऑक्सिजनवर पेटतो, बाहेरच्या हवेची गरज नाही. म्हणून अशा ठिकाणी रेटिंगच्या निम्म्याच व्होल्टेजवर वापरायचा, १२ व्होल्टवर २५ चा. ५ व्होल्टच्या लाइनवर ६.३ चा दिसला तर मी तो धडधाकट असतानाच काढतो. पॉलिमर टँटलममध्ये त्या जागी वाहक पॉलिमर असतो, मँगनीज डायऑक्साइडच नसतं, तो पेटण्याची शक्यता बरीच कमी.

मग हा महागडा प्रकार वापरतात कशाला? एक्स५आर जातीच्या सिरॅमिक कपॅसिटरवर डीसी व्होल्टेज आलं की त्याची क्षमता बरीच घटते, टँटलमची जवळपास तशीच राहते. शिवाय सिरॅमिकसारखा तो कंपनाने सिग्नलमध्ये आवाज घालत नाही. उपग्रहांत आणि शरीरात बसवायच्या काही डिफिब्रिलेटरांत (हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या यंत्रांत) वेगळ्या जातीचा, द्रव इलेक्ट्रोलाइटचा टँटलम असतो.

एक अपवाद: टँटलम जुन्या एलडीओ रेग्युलेटरच्या (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या चिपच्या) आउटपुटला असेल तर डेटाशीट बघा. काहींना ठरावीक ईएसआर लागतो, सिरॅमिक लावला तर ते ऑसिलेट होतात, म्हणजे आउटपुट स्थिर न राहता वरखाली होत राहतं. आणि नवा बसवण्याआधी लाइन शॉर्ट नाही ना, तेवढं मल्टिमीटरने तपासा.