‘उद्यापासून बसतो’ म्हणणारा दहावीतला मुलगा

“मॅडम, आळस अंगात मुरलाय याच्या. सकाळी म्हणतो दुपारी बसतो, दुपारी म्हणतो उद्यापासून!” ऑक्टोबर २०२१ मध्ये शाळा उघडल्या आणि सांगलीत माझ्याकडे दहावीच्या मुलांचे पालक हेच गाऱ्हाणं घेऊन येऊ लागले. ही आई त्यांतलीच.

मी मुलाची बीजगणिताची वही मागितली. वर तारीख, लाल पेनानं आखलेला समास, ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ हे शीर्षक, त्याखाली दुहेरी रेघ. पुढं सगळं कोरं. उलटल्या पानावर नवी तारीख, तेच शीर्षक, पुन्हा कोरं. अशी पानंच्या पानं! आळशी पोरगं इतके समास आखत बसत नाही.

या नावाचं प्रकरण नववीतही असतं, पाचवं. त्याच्यावरच दहावीचं पहिलं प्रकरण उभं. आणि याची नववी गेली मोबाईलवर. घरात फोन एकच, तोही बऱ्याचदा वडिलांबरोबर मार्केट यार्डात. परीक्षा न होताच वरच्या वर्गात गेला. त्याच्या पुढच्या बॅचची तर बोर्डाची परीक्षाच रद्द झालेली, त्यामुळे “आमची पण होणार नाही” हे मनात पक्कं.

वही उघडली की ‘आपल्याला काहीच येत नाही’ हे टोचतं; मोबाईल हातात घेतला की टोचणी थांबते. चालढकल मुरते ती या सुटकेमुळं. टिमथी पिचिल हे कॅनडातले मानसशास्त्रज्ञ तिला वेळेच्या नियोजनापेक्षा भावना सांभाळण्याचा प्रश्न म्हणतात, ते मला पटतं. म्हणून आईनं भिंतीवर चिकटवलेलं पहाटे पाचचं वेळापत्रक आधी काढायला लावलं. ते रोज मोडायचं आणि रोज बोलणी बसायची.

मग नववीचं पुस्तक काढलं. संध्याकाळच्या चहानंतर पंधरा मिनिटं, एकच उदाहरण, मोबाईल दुसऱ्या खोलीत. अडलं तर पेन्सिलीनं ‘इथं अडलं’ लिहून वही बंद. आईनं “झाला का अभ्यास?” ऐवजी “कुठं अडलंय?” एवढंच विचारायचं.

“पंधरा मिनिटांत दहावी निघते होय?” बाईंचा प्रश्न रास्त होता. नाही निघत. पण याचं घोडं सुरुवातीलाच अडत होतं. एकदा बसला की बऱ्याचदा तासभर हलायचा नाही. दांड्याही मारल्या. सगळ्यात जड गेलं ते सरांना नववीचं विचारणं. शेवटी वहीच्या पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला, तेव्हा कुठं गाडी हलली.

२०२२ ची परीक्षा झालीच. अभ्यासक्रम पाऊण, केंद्र आपल्याच शाळेत, गणिताच्या पेपरला १५ मिनिटं जादा. पोरगा पास झाला. बीजगणितात फार उजेड पाडला नाही, आईला त्याची रुखरुख आहेच.

मूल अभ्यासाबरोबर मित्र, खेळ, जेवणही टाळत असेल, झोप उडाली असेल, तर मात्र वही तपासत बसू नका. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, परीक्षा संपायची वाट न बघता.