औषधावरचा उंदीर खरोखर शांत असतो का?

प्रश्न : अँटिसायकोटिक (भास-भ्रम होणाऱ्या तीव्र मानसिक आजारांवरचे) औषध दिलेले उंदीर विजेचा झटका टाळायला पळत नाहीत, असे वाचले. म्हणजे त्यांची भीती जाते का?

उत्तर : तसे म्हणण्याची घाई करू नये. या वर्गातले पहिले औषध क्लोरप्रोमाझिन फ्रान्समध्ये सिमोन कुर्व्हाझिए यांनी उंदरांवर तपासले, तेव्हा घंटा वाजताच झटका चुकवण्यासाठी दोरावर चढायला शिकलेले उंदीर घंटेकडे दुर्लक्ष करू लागले. प्रत्यक्ष झटका बसल्यावर मात्र ते चढत. म्हणजे चढण्याची ताकद शाबूत होती आणि वेदनाही जाणवत होती. उणावली होती ती इशाऱ्याची निकड, जिच्यामागे डोपामिन या मेंदूतील संदेशवाहक रसायनाचा मोठा वाटा असतो. मात्रा वाढवली तर उंदीर ठेवाल त्या स्थितीत ताटकळत राहतो, म्हणून पाण्यात सोडलेला उंदीर किती वेळ हातपाय मारतो हे पाहणाऱ्या पोहण्याच्या चाचणीतली त्याची स्तब्धता नैराश्याची की जखडलेल्या स्नायूंची, हे वेगळे तपासावेच लागते. ‘शांत’ हा शब्द मी इथे जपूनच वापरतो.

प्रश्न : औषध अनेक आठवडे दिल्यास हाच परिणाम टिकतो का?

उत्तर : ते औषधावर आणि ते देण्याच्या रीतीवर अवलंबून असते. याच वर्गातल्या ओलान्झापिनची इंजेक्शने काही दिवस दिलेल्या उंदरांना नंतर तीच मात्रा पुन्हा दिली, तर धोका टाळण्याची क्रिया पूर्वीपेक्षा अधिक दबते. क्लोझापिन या दुसऱ्या औषधाच्या बाबतीत उलट घडते, परिणाम बोथट होतो. दुसरीकडे, हॅलोपेरिडॉल हे याच वर्गातले औषध दीर्घकाळ दिल्यास उंदराच्या मेंदूत डोपामिनची डी-२ ग्राहके (त्याचा संदेश स्वीकारणारे पेशींवरचे रेणू) वाढतात, हे १९७७ मध्येच दाखवले गेले होते. त्वचेखाली बसवलेल्या पंपातून औषध अखंड दिले असता, ग्राहके औषधाने व्यापलेली असूनही त्याचा प्रभाव ओसरत जातो, असे २००७ मधील प्रयोगांत आढळले. माणसाच्या शरीरात हॅलोपेरिडॉलचे प्रमाण निम्म्यावर यायला साधारण एक दिवस लागतो, उंदराच्या शरीरात मात्र काही तासच. त्यामुळे दिवसातून एकदा इंजेक्शन दिलेला उंदीर बराच काळ जवळजवळ औषधाविनाच असतो. निष्कर्ष वाचण्याआधी मी म्हणूनच औषध कसे दिले, ते पाहतो.

प्रश्न : माझा भाऊ असेच अँटिसायकोटिक औषध घेतो. ते थांबवावे का?

उत्तर : परस्पर मुळीच थांबवू नये, औषध अचानक तोडल्यास आजार उलटण्याचा धोका असतो. यांतले बहुतेक उंदीर निरोगी होते, त्यामुळे आजारी माणसाला होणारा फायदा त्यांच्यावरून मोजता येत नाही. औषधाचा दुष्परिणाम म्हणून तोंडाच्या किंवा हातांच्या अनैच्छिक हालचाली दिसत असतील, तर मनोविकारतज्ज्ञांना त्या अवश्य दाखवाव्यात.