‘कॉपीराइट काढायचाय’ बरोबर का?

प्रश्न असा आलाय की ‘माझ्या कवितांचा कॉपीराइट काढायचाय’ हे बरोबर का, आणि मराठीत प्रताधिकार म्हणावं की स्वामित्वहक्क.

मराठी म्हणून वाक्याला काही झालेलं नाही, आपण लायसन काढतो, पासपोर्ट काढतो, पॉलिसी काढतो तसंच हे. पण काढायचाय म्हटलं की तो अजून नाहीये असा अर्थ होतो ना, आणि १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तर कविता कागदावर नाहीतर फोनमध्ये उतरली की हक्क आपोआप तुमचा झालेला असतो. उरते ती नोंदणी आणि तीही ऐच्छिक. कॉपीराइट ऑफिसकडे ऑनलाइन अर्ज करायचा, साहित्यकृतीला ५०० रुपये फी, मग कुणाची हरकत येते का म्हणून निदान ३० दिवस थांबायचं, आणि सर्टिफिकेट मिळालं की भांडण कोर्टात गेल्यावर प्रथमदर्शनी पुरावा म्हणून ते कामाला येतं. म्हणून ‘कॉपीराइट रजिस्टर केला’ किंवा ‘नोंदवला’ म्हणा. पेटंट मात्र खरंच काढावं लागतं, अर्ज केल्याशिवाय ते मिळतच नाही (आणि कवितेचं मिळत नाही, हेही सांगून ठेवतो, लोक विचारतात).

कॉपीराइट काढावा लागतो ही समजूत आली कुठून? माझा संशय जुन्या पुस्तकांवर आहे. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी पुस्तकांत सुरुवातीलाच ‘सन १८६७ च्या २५ व्या आक्टाप्रमाणे रजिस्टर करून सर्व हक्क ग्रंथकर्त्याने आपणाकडे ठेविले आहेत’ अशा धाटणीचं वाक्य असायचं. तेव्हा ते बरोबरच होतं कारण १८६७चा तो आक्ट (म्हणजे ॲक्ट) पुस्तकांच्या नोंदणीचा, आणि कॉपीराइटच्या १८४७च्या कायद्यात नोंद नसेल तर दावाच लावता यायचा नाही. १९१४च्या कायद्याने ती अट गेली, पण रजिस्टर आणि हक्क ही जोडी काही सुटली नाही.

आता दुसरा प्रश्न. माझं मत प्रताधिकारला. पुस्तक विकत घेतलं की त्या प्रतीचा मालक मी, पण तिच्या आणखी प्रती काढायचा अधिकार माझा नाही, हा फरक प्रताधिकारात दिसतो आणि स्वामित्वहक्कात पार बुजून जातो. शिवाय त्याच्याच जोडीचा शब्द स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी, म्हटलं की तहसील ऑफिसात वाळू नि मुरमाचे पैसे भरतात तेच आठवतं! आणि प्रताधिकारपासून प्रताधिकारमुक्त (म्हणजे हक्काची मुदत संपलेलं) हा सुटसुटीत शब्दही होतो. लेखक गेल्यानंतरचं वर्ष सुरू झालं की तिथून ६० वर्षं मोजायची, म्हणजे साने गुरुजी १९५० साली गेले तर त्यांच्या हयातीत छापलेलं लेखन १ जानेवारी २०११ पासून प्रताधिकारमुक्त.