इंट्रोव्हर्ट आहे, दोनदा जिम सोडली. स्वभाव पाहून व्यायाम निवडता येतो का?

येतो, पण एमबीटीआय या माणसांना सोळा प्रकारांत बसवणाऱ्या स्वभावचाचणीच्या चार अक्षरांवरून नको. त्या चाचणीत बरेच जण काही आठवड्यांनी पुन्हा बसले की वेगळ्याच प्रकारात जातात. त्यापेक्षा 'बिग फाइव्ह' म्हणजे स्वभावाची पाच गुणवैशिष्ट्यं धरा: बहिर्मुखता, काळजी करण्याची प्रवृत्ती, शिस्त, मनमिळाऊपणा आणि नव्याची ओढ. त्यात माणसाला कप्प्यात टाकत नाहीत. प्रत्येक गुण कमी-जास्त मोजतात.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी 2025 मध्ये याच विषयावर अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांना 8 आठवडे घरीच सायकलिंग आणि ताकदीचे व्यायाम दिले. बहिर्मुख लोकांना दमछाक करणारा व्यायाम जास्त आवडला. पटकन काळजी करणाऱ्यांना मधेमधे उसंत आणि कुणाची नजर नसलेली जागा हवी होती. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की ताण सर्वांत जास्त कमी झाला तो याच काळजी करणाऱ्या गटाचा.

म्हणून जिम सुटली याचा अपराधीपणा खरंच बाळगू नका. गर्दी, आरसे, मोठ्यानं लावलेली गाणी सोसत नसतील, तर पहाटे एकट्यानं चाला, घरी सूर्यनमस्कार घाला. पाचपासून सुरुवात केली तरी चालेल.

शिस्त कमी पडत असेल तर वेळ आधीच्या सवयीला बांधा: 'चहाचा कप विसळला की बूट घालायचे', इतकं नेमकं. गप्पिष्ट माणसानं मात्र सोबती शोधावा, बॅडमिंटन किंवा ट्रेकिंगचा ग्रुप.

गुडघेदुखी किंवा रक्तदाब असेल तर स्वभावाच्या आधी डॉक्टरांना विचारा.