वाचकांचे प्रश्न : माँट्रिअलची घंटा आणि बारा वर्षांचे वैर

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आम्ही दोघे भाऊ लहानपणी केबलवर डब्ल्यूडब्ल्यूएफच्या कुस्त्या पाहत असू. ब्रेट हार्टने ती कंपनी सोडली, त्या त्याच्या शेवटच्या कुस्तीवरून आमच्यात आजही वाद होतो. थोरल्याचे म्हणणे असे की ब्रेटला दगा देण्यात आला. माझ्या मते तेदेखील ठरवून केलेले नाटकच होते. आमचे आजोबा जुम्मादादा व्यायाम मंदिरात घडलेले. ते म्हणतात, नुरा कुस्तीत कसला आलाय दगा? नक्की काय घडले ते कृपया सांगावे.
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : आपल्या आजोबांच्या प्रश्नातच या प्रकरणाचे मर्म आहे, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करतो. नुरा कुस्तीत दोन्ही पैलवानांना निकाल ठाऊक असतो आणि पैसे मोजून आलेला प्रेक्षक फसतो. अमेरिकेतील व्यावसायिक कुस्तीत निकाल आधी ठरतो हे प्रेक्षकालाही ठाऊक असते आणि तरीही तो रंगून जाऊन पाहतो, त्यामुळे तिथे त्याची फसवणूक होत नाही. ९ नोव्हेंबर १९९७ रोजी माँट्रिअलच्या मोल्सन सेंटरमध्ये मात्र निकाल मालकाला ठाऊक होता, पंचाला ठाऊक होता, समोरच्या पैलवानाला, शॉन मायकल्सला, ठाऊक होता. ठाऊक नव्हता तो फक्त हरणाऱ्याला. दगा म्हणतात तो याला.

पार्श्वभूमी अशी. १९९६ मध्ये डब्ल्यूसीडब्ल्यू या प्रतिस्पर्धी कंपनीने ब्रेटला मोठ्या रकमेचे आमिष दाखवले होते. ते नाकारून त्याने डब्ल्यूडब्ल्यूएफचे मालक व्हिन्स मॅकमहन यांच्याशी तब्बल २० वर्षांचा करार केला. पण त्या काळात सोमवारच्या रात्री दोन्ही कंपन्यांचे कार्यक्रम एकाच वेळी दाखवले जात आणि मॅकमहन यांची पीछेहाट चालली होती. वर्षभरातच त्यांनी ब्रेटला सांगितले की हा करार आपल्याला झेपत नाही, त्याने डब्ल्यूसीडब्ल्यूशी बोलणी करावीत. म्हणजे ब्रेट पैशाच्या लोभाने पळाला, ही जी कंडी पिकली होती, ती मुळातच खोटी आहे. दार मालकाने उघडून दिले होते.

अडचण एवढीच की त्या वेळी विजेतेपदाचा पट्टा ब्रेटच्या कमरेला होता. डिसेंबर १९९५ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफची महिला विजेती अलुंड्रा ब्लेझ पट्ट्यासह डब्ल्यूसीडब्ल्यूमध्ये गेली होती आणि तिने तो पट्टा थेट प्रक्षेपणात कचऱ्याच्या डब्यात टाकला होता. तसे पुन्हा होईल ही मॅकमहन यांना वाटलेली धास्ती निराधार नव्हती, हे मान्य करायला हवे. दुसरीकडे ब्रेटचा हट्टही लहान नव्हता. आपल्या देशात, कॅनडात, शॉन मायकल्सकडून हरायला तो तयार नव्हता. या दोघांचे आधीपासूनच फाटले होते. मायकल्सने टीव्हीवर ब्रेटच्या चारित्र्यावर सूचक टोमणा मारला होता आणि जून १९९७ मध्ये ड्रेसिंग रूममध्ये दोघे हातघाईवर आले होते. मायकल्सने ‘मी तुझ्यासाठी कधी हार पत्करणार नाही’ असे तोंडावर सांगितले होते, असे ब्रेट सांगतो, आणि आखाड्यात वाढलेल्या कोणालाही यातील अपमान समजावून सांगावा लागणार नाही. हार्टचे वडील स्टू हार्ट यांनी कॅलगरीतील घराच्या तळघरातच पैलवान घडवले होते. समोरच्याला मान देऊन हरणे हा त्या घरातला संस्कार होता.

ब्रेटच्या करारात अशी तरतूद होती की शेवटच्या ३० दिवसांत त्याच्या भूमिकेचे काय करायचे यात त्याला वाजवी अधिकार राहील. त्या आधारे त्या दुपारी ठरले ते असे : बाहेरचे पैलवान मध्ये घुसतील, कुस्ती निकालाविना संपेल आणि पुढे ब्रेट आपण होऊन पट्टा परत करील. ही बोलणी झाल्याचे आज निव्वळ ब्रेटच्या शब्दावर मानावे लागत नाही, कारण त्या काळात एक माहितीपटाचे पथक त्याच्याबरोबर फिरत होते आणि मॅकमहन यांच्याशी बोलताना ब्रेटच्या अंगावर ध्वनिमुद्रणाचे यंत्र होते. मालकाचा होकार त्यात आहे. आपल्या भावाची बाजू इथेच भक्कम होते.

कुस्तीत एक डाव ठरला होता : मायकल्सने ब्रेटचाच खास डाव, पाय मुडपून कंबर उलटी ताणणारा ‘शार्पशूटर’, त्याच्यावर टाकायचा आणि ब्रेटने तो उलटवायचा. मायकल्सने पकड घेतली. ब्रेट पालथा पडून पाय सोडवण्याच्या तयारीत होता, त्याने हार मानल्याची कोणतीही खूण केली नव्हती. तेवढ्यात रिंगणाच्या कडेला येऊन उभ्या राहिलेल्या मॅकमहन यांनी घंटा वाजवण्याचा हुकूम सोडला आणि पंच अर्ल हेबनरने कुस्ती संपल्याची खूण केली. हा हेबनर ब्रेटच्या विश्वासातला होता. असे काही आपल्याकडून होणार नाही, असा शब्द त्याने ब्रेटला दिला होता. घंटा होताच तो रिंगणातून निघून गेला. ब्रेट उठून कठड्यापाशी आला, मालकाच्या तोंडावर थुंकला आणि मग चारही बाजूंच्या प्रेक्षकांना दिसेल अशी बोटाने हवेत तीन अक्षरे काढली : डब्ल्यूसीडब्ल्यू. पुढे ड्रेसिंग रूममध्ये त्याने मॅकमहन यांना ठोसा लगावला. काही दिवसांनी टीव्हीवर मुलाखत देताना त्यांच्या डोळ्याखालचा काळा डाग स्पष्ट दिसत होता. ‘ब्रेटचा घात ब्रेटनेच केला’ अशा अर्थाचे त्यांचे वाक्य त्याच मुलाखतीतले.

आता आपल्या शंकेकडे येतो. सारेच ठरलेले असते, तर हेही ठरलेले का नसेल? अशी शंका त्या धंद्यातील काही नावाजलेल्या पैलवानांनीही बोलून दाखवली आहे, तेव्हा ती पोरकट नाही. या प्रकरणाचा सर्वाधिक लाभ मॅकमहन यांनाच झाला, हेही खरे : ‘दुष्ट मालक’ म्हणून ते स्वतः पडद्यावर आले, तीच त्यांच्या कंपनीची सर्वांत चालणारी भूमिका ठरली आणि मार्च २००१ मध्ये त्यांनी डब्ल्यूसीडब्ल्यूच विकत घेतली. परंतु लाभ झाला म्हणून कट होता असे ठरत नाही. नाटकात वाटा असलेल्या माणसाला त्याचे काहीतरी मिळते. ब्रेटला काय मिळाले? डब्ल्यूसीडब्ल्यूमध्ये त्याचा धड उपयोगच केला गेला नाही. त्याचा मेहुणा डेव्ही बॉय स्मिथ त्याच्यापाठोपाठ बाहेर पडला, पण धाकटा भाऊ ओवेन याला करारातून मोकळीक मिळाली नाही. २३ मे १९९९ रोजी कॅन्सस सिटीच्या केंपर अरेनामध्ये छतावरून दोरीने खाली उतरण्याच्या प्रसंगात ओवेन कोसळून मरण पावला आणि त्याच्या कुटुंबाने केलेला दावा २००० मध्ये सुमारे १ कोटी ८० लाख डॉलरना मिटला. एवढे घडूनही कोणी एक ठरलेले नाटक वर्षानुवर्षे वठवत राहील, हे मला पटत नाही. शिवाय आपल्याला काहीच ठाऊक नव्हते असे वर्षानुवर्षे सांगणाऱ्या मायकल्सनेही पुढे कट ठाऊक असल्याचे कबूल केले.

दोष द्यायचाच तर मी तो मालकाला देईन. पट्टा परत मिळवण्याचे इतर मार्ग होते. मायकल्स सोडून दुसऱ्या कोणाकडून हरायलाही ब्रेटची ना नव्हती. ते मार्ग न चोखाळता शब्द दिला गेला, तो मोडण्याच्या तयारीनेच दिला गेला, आणि बारा वर्षे टिकलेल्या वैराचे मूळ पट्ट्यात नसून तिथे आहे. ४ जानेवारी २०१० रोजी ब्रेट आणि मायकल्स यांनी रिंगणात समोरासमोर उभे राहून ते मिटवले. आपण दोघा भावांनीही आता मिटवायला हरकत नाही. थोरल्याचे म्हणणे बरोबर आहे.

प्रश्न : ब्रेट हार्टने मायकल्सला क्षमा केली, मग गोल्डबर्गविषयी तो अजून कडवट का बोलतो? गोल्डबर्गने तर त्याला काही फसवले नव्हते.
— एक वाचक, कारेलीबाग, बडोदे

उत्तर : फसवले नव्हते, जायबंदी केले होते. १९ डिसेंबर १९९९ च्या कुस्तीत डब्ल्यूसीडब्ल्यूतील पैलवान गोल्डबर्गची लाथ ब्रेटच्या डोक्यावर जोरात बसली. मेंदूला झालेल्या त्या इजेमुळे २००० मध्ये त्याची कारकीर्द संपली. २००२ मध्ये त्याला पक्षाघाताचा झटकाही आला. या धंद्यात समोरच्याचे शरीर आपल्या हवाली केलेले असते आणि ते सांभाळणे हीच खरी कसोटी मानली जाते. आपण आयुष्यात एकाही साथीदाराला गंभीर दुखापत केली नाही याचा ब्रेटला सर्वाधिक अभिमान आहे. त्यामुळे गोल्डबर्गने पुढे खेद व्यक्त करूनही ब्रेटच्या मनातून ते गेलेले नाही. मोडलेला शब्द माणूस मनात आणले तर विसरू शकतो, मोडलेली तब्येत रोज आठवण करून देते. मला यात ब्रेटचा कोतेपणा दिसत नाही.

प्रश्न : सीएम पंक दोन कंपन्यांतून भांडून बाहेर पडला. म्हणजे खोट त्याच्यातच आहे असे समजावे काय?
— एक वाचक, रावपुरा, बडोदे

उत्तर : दोन्ही प्रसंग एका मापाने मोजू नयेत. जानेवारी २०१४ मध्ये पैलवान पंकने डब्ल्यूडब्ल्यूई (डब्ल्यूडब्ल्यूएफचेच पुढचे नाव) सोडली, तेव्हा थकवा, दुखापती आणि उपचारांतील हेळसांड ही कारणे त्याने त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये मित्र कोल्ट कबाना याच्या पॉडकास्टवर सांगितली. नोकरी संपल्याची कागदपत्रे त्याला नेमकी लग्नाच्या दिवशी मिळाली, याबद्दल मॅकमहन यांनी जाहीर दिलगिरी व्यक्त केली. कंपनीच्या डॉक्टरांनी पंक आणि कबाना यांच्यावर बदनामीचा दावा केला, तो जून २०१८ मध्ये ज्यूरीने फेटाळला. त्या प्रकरणात पंकची बाजू न्यायालयात टिकली, हे विसरू नये.

वकिलांच्या खर्चावरून पुढे या दोन मित्रांतच दावे झाले आणि तिथून दुसऱ्या प्रकरणाचे बी पडले. पंक २०२१ मध्ये एईडब्ल्यू या प्रतिस्पर्धी कंपनीत आला. कबाना तिथे आधीपासून होता. पंकने त्याला बाजूला सारायला लावले अशी कुजबुज सुरू झाली. सप्टेंबर २०२२ मध्ये शिकागोजवळील कार्यक्रमानंतर पत्रकारांसमोर पंक भडकला आणि ही कुजबुज कंपनीतले वरिष्ठच पसरवतात, असा आरोप त्याने उघडपणे केला. त्यानंतर आतल्या खोलीत मारामारी झाली. एरवी पैलवान जातो आणि मग अफवा उठतात. इथे अफवेनेच माणसाला बाहेरच्या वाटेवर लावले. ती खरी होती की नाही, हे तपासण्यापेक्षा तिच्यावर चिडणे पंकला सोपे वाटले आणि ती थांबवण्याचे काम मालक टोनी खान यांनीही वेळेवर केले नाही. २७ ऑगस्ट २०२३ रोजी लंडनच्या वेंब्लीवर सहकारी पैलवान जॅक पेरीशी झालेल्या झटापटीनंतर मात्र त्याला पाठीशी घालता येणार नाही. २ सप्टेंबरला त्याला काढले गेले आणि २५ नोव्हेंबरला तो डब्ल्यूडब्ल्यूईत परतला. एप्रिल २०२४ मध्ये एईडब्ल्यूने त्या झटापटीचे चित्रीकरण टीव्हीवर दाखवले. गेलेल्या माणसावर विजय मिळवण्याच्या त्या खटाटोपाने कंपनीचीच शोभा गेली, असे माझे मत आहे.

प्रश्न : माझा मुलगा तालमीत जातो आणि त्याला व्यावसायिक रेसलिंगमध्ये जायचे आहे. सोडून जाणाऱ्यांची ही भांडणे वाचून आम्हा उभयतांना धास्ती वाटते. कशाची काळजी घ्यावी?
— एक पालक, वाघोडिया रोड, बडोदे

उत्तर : त्याला अडवू नका. पंजाब पोलिसांत असलेले दलीप सिंग राणा ‘खली’ म्हणून याच वाटेने गेले आणि परत येऊन त्यांनी जालंधरला स्वतःची संस्था काढली. मात्र वर आलेली बहुतेक भांडणे करारातून उगवली आहेत, तेव्हा करार नीट पाहणे हेच आपले काम.

पहिली गोष्ट नावाची. कंपनीने दिलेले रिंगणातील नाव बहुधा कंपनीच्या मालकीचे असते. स्कॉट हॉल आणि केव्हिन नॅश १९९६ मध्ये डब्ल्यूसीडब्ल्यूत गेले, तेव्हा ज्या नावांनी जग त्यांना ओळखत होते ती मागेच ठेवावी लागली आणि त्यांच्या पेहरावा-लकबींवरूनही खटला झाला. ब्रेट स्वतःच्या खऱ्या नावाने लढत होता, म्हणून ते नाव त्याच्याबरोबर गेले. दुसरी गोष्ट दुखापतीची. अमेरिकेतील मोठ्या कंपन्या पैलवानांना नोकर न मानता स्वतंत्र कंत्राटदार मानतात, त्यामुळे रिंगणाबाहेरच्या आजारपणाचा, विम्याचा आणि म्हातारपणाचा भार पुष्कळदा पैलवानावरच पडतो. तिसरी, सोडल्यानंतर दुसरीकडे किती दिवस लढता येणार नाही. ९० दिवसांची अट तिकडे सर्रास आढळते. आणि ‘ते आपण नंतर पाहू’ असे जे जे तोंडी सांगितले जाईल, ते कागदावर उतरवून मागावे. मागितल्यावर समोरचा नाराज झाला, तर ती नाराजी आधीच कळलेली बरी.

करार इंग्रजीत असेल, तर तो अशा कामांची माहिती असलेल्या वकिलाकडून ओळीने वाचून घ्यावा, नुसता चाळून नव्हे. मुलगा १८ वर्षांचा झालेला नसेल, तर त्याने स्वतः केलेला करार आपल्याकडे कायद्याने ग्राह्य धरला जात नाही, म्हणून सही आपल्याकडून मागितली जाईल. त्या सहीने नक्की कोण बांधले जाते आणि मुलाने मध्येच सोडले तर प्रशिक्षणाचा खर्च कोणाकडून वसूल होणार, हे प्रश्न वकिलाला आधी विचारावेत.